प्रकरण सहावे : वाचन सुरू आहे

२ जानेवारी, सकाळी ८.१०
नवी डायरी. कागद उत्तम. गेल्या वर्षीची डायरी ११ जानेवारीला थांबली, पण त्यात माझा दोष नव्हता, पेन गळत होतं.

संकल्प : रोज चालणे. चहा दोनच वेळा. आणि संशोधक कौशल्य प्रशिक्षण कक्ष असा उभा करायचा की बाकीच्या विद्यापीठांनी तोंडात बोटं घालावीत.

तिसऱ्याचं कारण असं की डीननी मला कक्षाचा समन्वयक नेमलंय. पीएचडीची पोरं आठ-आठ वर्षं रखडतात, त्यांना लिहिता येत नाही, बोलता येत नाही, वेळ पाळता येत नाही, असं कुठल्याशा अहवालात आलं. डीन म्हणाले, अनुभवी माणूस हवा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. जाता जाता काहीतरी मागे ठेवून जायला हवं.

दुपारी
दुर्बीण येऊन गेली. माझी सध्याची एकुलती एक पीएचडी विद्यार्थिनी. गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून मनातल्या मनात मी तिला तेच म्हणतो. पुलांखाली घरटी करणाऱ्या पाकोळ्या मोजते. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या प्रबंधासाठी मी ज्या अकरा पुलांखाली मोजल्या, त्याच अकरा पुलांखाली. विषय मीच दिला.

तिची पाच प्रकरणं मी मंजूर केली आहेत. सहावं, शेवटचं, आज दिलं. चौसष्ट पानं, निळी फाइल. तिची नोंदणी ३० एप्रिलला संपते. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली (एकदा मी आजारी होतो म्हणून), तिसरी मिळत नाही. त्याआधी मी वाचून सही करायची, की प्रबंध सादर. नाहीतर सहा वर्षं पाण्यात. पण चार महिने आहेत. चौसष्ट पानं म्हणजे डाव्या हातचा मळ.

रविवारी एकचित्ताने बसणार.

५ जानेवारी, रविवार
बसलो. पहिली दोन पानं छान. तिसऱ्या पानावर माझा जुना तक्ता दिसला, माझ्या नावासकट. एकूण घरटी ३१२. बरं वाटलं. शेजारी तिने आणखी एक रकाना काढलाय, 'अंदाजित प्रत्यक्ष संख्या'. त्यात मोठे आकडे आहेत. खाली गणित. ग्रीक अक्षरं फार.

गणित घाईत वाचू नये. फाइल मिटली. तिसरा चहा.

९ जानेवारी
बारा सत्रांचा आराखडा तयार. वेळेचे नियोजन, प्रबंधलेखन, सादरीकरण, संख्याशास्त्राची ओळख, मार्गदर्शकाशी सुसंवाद वगैरे. पीएचडी विभागाच्या अधीक्षक बाईंना दाखवला. या बाईंना सगळे शिक्काबाई म्हणतात, कारण त्यांचा शिक्का पाचच्या ठोक्याला कपाटात जातो, मग कुलगुरू आले तरी बाहेर निघत नाही. त्यांनी आराखडा वाचला आणि विचारलं की यात मार्गदर्शकांसाठी एकही सत्र नाही का. मी हसलो. मार्गदर्शकांना काय शिकवायचं? शिकूनच आलोत आम्ही.

१७ जानेवारी
पहिलं सत्र, वेळेचे नियोजन. मला पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. हॉलची किल्ली माझ्याच खिशात होती. तेवीस मुलं व्हरांड्यात उभी. परिस्थितीचा फायदा घेतला आणि सुरुवातच अशी केली की, पाहा, एका माणसाच्या उशिराने किती जणांचा वेळ जातो. प्रभावी उदाहरण ठरलं. दुर्बीण शेवटच्या बाकावर बसून लिहून घेत होती.

२० जानेवारी
दुर्बिणीने विचारलं की प्रकरण पाहिलं का. वाचन सुरू आहे म्हणालो. त्यातलं गणित आपल्या विभागात नवीन आहे, अर्धा तास बसून समजावून सांगू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, अगं, मी हे पूल मोजले तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. गमतीने म्हणालो. तिला गंमत कळली नाही.

विचार : विनोदबुद्धीवर एक सत्र घ्यावं का?

२ फेब्रुवारी, रविवार
वाचायला बसणार होतो. टेबल आवरल्याशिवाय मन लागत नाही, म्हणून टेबल आवरलं. टेबलावरचं कपाटात जाईना, म्हणून कपाट आवरलं. ही म्हणाली, वीस वर्षं मी सांगत होते तेव्हा आवरलं नाहीत. बायकोला शिस्तीची किंमत नाही. फाइल आता कपाटात सुरक्षित आहे.

७ फेब्रुवारी
आजचं सत्र मैलाचा दगड. विषय : मार्गदर्शकाशी सुसंवाद. मुलांना निनावी चिठ्ठ्यांवर अडचणी लिहायला सांगितल्या. एका चिठ्ठीवर सुबक अक्षरात होतं, 'मार्गदर्शक वाचतच नसतील तर काय करावं?'

मी जराही न अडखळता पायऱ्या सांगितल्या. दर पंधरा दिवसांनी नम्र आठवणपत्र. मग भेटीची वेळ मागून घेणे. तरीही नाही, तर कक्षाच्या समन्वयकाकडे लेखी अर्ज. टाळ्या पडल्या.

कोण असेल हा मार्गदर्शक? असल्या माणसांमुळे आमचा पेशा बदनाम होतो. भौतिकशास्त्रातला तो टकल्या असावा.

१० फेब्रुवारी
दुर्बिणीचं ईमेल. नम्र आठवणपत्र! सुरुवातीला अभिवादन, मग संदर्भ, मग विनंती, शेवटी मुदतीची तारीख. मी सांगितलं होतं अगदी तसं. प्रशिक्षणाचा परिणाम तीन दिवसांत. समाधान वाटलं. पत्राची प्रिंट काढली, तिचं नाव खोडलं आणि 'नमुना क्रमांक १' म्हणून मुलांना वाटायच्या टिपणात घातलं.

२४ फेब्रुवारी
बरोबर पंधराव्या दिवशी दुसरं पत्र. हे पहिल्यापेक्षा सरस. नमुना क्रमांक २.

२८ फेब्रुवारी
दोन्ही नमुन्यांवर वर्गात चर्चा घेतली. एकेचाळीस मुलं. एक म्हणाला, सूर फार मवाळ आहे. दुसरी म्हणाली, हिला खरंच घाई असती तर ती समोर जाऊन उभी राहिली असती. मी म्हणालो, नाही, संयम हाच गुण. दुर्बीण मान खाली घालून बसली होती. आपलं पत्र निवडलं गेल्याचा संकोच वाटला असेल.

२ मार्च, रविवार
सकाळी हिने विषय काढला. त्या पोरीला किती दिवस ताटकळत ठेवणार म्हणाली. म्हणालो, तिने माझी मोजणी कमी ठरवलीय. ३१२ नव्हे, ४४७ घरटी होती म्हणते. म्हणजे एकशे पस्तीस घरटी माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलीच नाहीत. शहानिशा करायला वेळ लागतो.

हिला ती मोजणी माहीत आहे. लग्नाचं पहिलं वर्ष. ही हॉस्पिटलातून रात्रपाळी संपवून थेट पुलाखाली यायची. मी मान वर करून आकडे सांगायचो, ही वहीत रेघा मारायची. चिखलात उभी राहून, नर्सच्या पांढऱ्या बुटांत.

ही म्हणाली, "सुटल्या असतील की थोड्या. निम्मा वेळ तुम्ही माझ्याकडेच तर बघत होतात."

शास्त्रीय मोजणीबद्दल असं बोलू नये. मी दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी हिने विचारलं, रागावलात का. नाही म्हणालो. रागावलो नव्हतोच. काय झालं होतं ते मला सांगता येईना.

१२ मार्च
दुर्बिणीने पायरी दोन घेतली. भेटीची वेळ मागितली. सोमवार दिला, पण सोमवारी कक्षाची बैठक निघाली. बुधवार दिला, बुधवारी त्या बैठकीच्या इतिवृत्ताची बैठक. ती दोन्ही दिवस केबिनबाहेरच्या खुर्चीवर होती, असं शिपाई म्हणाला. आज मी म्हटलं, सुसंवाद सत्र क्रमांक दोनमध्ये आपण भेटणारच आहोत की.

१८ मार्च
कक्षाकडे पहिला लेखी अर्ज आला. विद्यार्थिनीची तक्रार अशी की मार्गदर्शकांनी प्रकरण अकरा आठवडे वाचलेलं नाही. अर्ज मुद्देसूद, सोबत आठवणपत्रांच्या प्रती. अर्जदार दुर्बीण. मार्गदर्शक अर्थात मी.

क्षणभर वाईट वाटलं. पण समन्वयकाने आपपरभाव ठेवता कामा नये. कक्षाच्या लेटरहेडवर मार्गदर्शकांना कडक पत्र लिहिलं : सात दिवसांत खुलासा करावा. जावक क्रमांक टाकून शिपायाकरवी माझ्या केबिनमध्ये पाठवलं. पोच घेतली.

२४ मार्च
मार्गदर्शक या नात्याने खुलासा दिला : 'वाचन सुरू आहे.' एक दिवस आधीच दिला. समन्वयक या नात्याने तो समाधानकारक मानून प्रकरण दप्तरदाखल केलं. शिक्काबाई दोन्ही कागद हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नुसता श्वास सोडला.

४ एप्रिल
हे कुठे बोलायचं नाही म्हणून इथे लिहितो. आज 'संख्याशास्त्राची ओळख' हे सत्र होतं. शिकवायला सत्तावीस वर्षांची एक नवी लेक्चरर. मी पाहणी करायला म्हणून शेवटच्या बाकावर बसलो. वही नेली होती.

वीस मिनिटांपर्यंत कळलं. मग कळेना. फळ्यावरची अक्षरं नुसती उतरवून घेत राहिलो. तिने दोनदा विचारलं, कुणाला शंका आहे का. एका मुलाने हात वर केला, अगदी बाळबोध शंका, तीच माझी होती, पण तिचं उत्तरही मला कळलं नाही. पुन्हा हात कोण वर करणार? समन्वयकाने?

सुटल्यावर बघतो तर दुर्बीण शेजारच्याच बाकावर. तिने माझी वही पाहिली असणार. हळूच म्हणाली, "सर, मलाही आधी काहीच कळलं नव्हतं. दोन महिने लागले."

मी सांगितलं की मी पाहणीसाठी आलो होतो. अहवालात लिहिलं : सत्र उत्तम, विषय सोपा करून मांडला.

८ एप्रिल
दुर्बिणीने फाइल बदलून दिली. आता अडुसष्ट पानं! सुरुवातीला चार पानं वाढवलीत म्हणे. मुदतीला बावीस दिवस असताना लांबी वाढवतात का कुणी? म्हणजे वाचन पुन्हा पहिल्यापासून. माझी तीन पानं फुकट गेली.

१५ एप्रिल
ही म्हणाली, नसेल वाचायचं तर निदान सही करा. मी म्हणालो, न वाचता सही करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मग वाचा, म्हणाली. हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चालणं : आजवर तीन दिवस. चहा मोजणं बंद केलंय.

२२ एप्रिल
समारोपाची कार्यशाळा २९ आणि ३०ला. विषय मीच काढला : 'प्रबंध वेळेत कसा पूर्ण करावा'. दोनशे नावं आली. कामाचा डोंगर. प्रमाणपत्रं छापून आली, त्यांवर 'कौशल्य'च्या जागी भलतंच काही छापलं होतं, पुन्हा छापायला टाकली. दुर्बीण दारात उभी होती. तिला बघून बरं वाटलं, म्हणालो, आलीसच आहेस तर नावांच्या पट्ट्या कापायला लाग. तिने कापल्या. दोनशे. जाताना म्हणाली, सर, आठ दिवस राहिले. म्हणालो, हो ना, बघ ना, हॉलसुद्धा अजून झाडलेला नाही.

२९ एप्रिल
पहिला दिवस यशस्वी. फाइल रोज बरोबर ठेवतोय. जेवणाच्या सुट्टीत वाचणार होतो, पण जेवायला पाहुणे होते. उद्या.

३० एप्रिल
सविस्तर लिहिलं पाहिजे.

सकाळी प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर खाली येत होतं. शिपायाने खाली काहीतरी जाड घातलं आणि चित्र नीट झालं. फाइल कुठे ठेवली ते मला दिवसभर आठवेना, पण शोधायला सवड नव्हती.

चार वाजून पन्नास मिनिटांनी प्रमाणपत्रं वाटली. उत्कृष्ट सहभागी म्हणून दुर्बिणीला निवडलं होतं. बाराच्या बारा सत्रांना हजर असलेली ती एकटीच. व्यासपीठावर आली, प्रमाणपत्र घेतलं, फोटो निघाला. हळू आवाजात विचारलं, सर, फाइल? म्हणालो, झालंच, आभार मानून होऊ देत.

आभार लांबले. दोनशे माणसं, कुणाला वगळून चालत नाही. मधेच बघितलं तर हॉलच्या दारात शिक्काबाई उभ्या. हातात शिक्का आणि शाईची गादी. घड्याळात सव्वापाच. बत्तीस वर्षांत पाचनंतर कपाटाबाहेर न आलेला शिक्का. मी त्यांना हातानेच बसा म्हणून खूण केली. त्या बसल्या नाहीत.

भाषण संपलं. फाइल सापडली, प्रोजेक्टरखाली. दुर्बिणीने पेन पुढे केलं. शिक्काबाई म्हणाल्या, सहापर्यंत थांबते मी. मी फाइल उघडली ती नेमकी तक्त्याच्या पानावर. ३१२. शेजारी ४४७.

पेन हातात होतं. मी म्हणालो की न वाचता सही केली तर तो तुझ्या सहा वर्षांच्या कामाचा अपमान होईल. हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

दुर्बिणीने माझ्या हातातलं पेन परत घेतलं. तिने पेनाचं टोपण लावलं. शिक्काबाई म्हणाल्या, चल बाळ, आणि तिला घेऊन बाहेर गेल्या.

एकूण उपस्थिती १९४. अभिप्रायाचे सरासरी गुण पाचपैकी ४.६.

२ मे
दुर्बीण विभाग सोडण्याचा फॉर्म घेऊन आली. नोंदणी रद्द, ग्रंथालयाचं येणं नाही, विभागाचं येणं नाही, शेवटी मार्गदर्शकाची सही. मी लगेच केली. केल्यावर लक्षात आलं की फॉर्म वाचला नव्हता.

नव्याने नोंदणी कर म्हणालो, मी डीनशी बोलतो, पुढच्या वर्षी तुझ्यासाठी खास सत्रं ठेवतो. ती ऐकून घेत होती. मी म्हणालो, तुझा राग मी समजू शकतो.

ती म्हणाली, "मी रागावलेली नाही, सर. दमलेय."

मला वाकून नमस्कार केला आणि गेली. मी केबिनमध्येच बसून राहिलो. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात काय लिहावं ते सुचेना. शिपाई दार लावायला आला तेव्हा उठलो.

४ मे, रविवार
आज वाचलं. सकाळी साडेनऊला बसलो. दोन तास दहा मिनिटांत संपलं.

वाढवलेली ती चार पानं अगदी सुरुवातीला आहेत. खाली तारीख, ७ एप्रिल. त्या सत्रानंतर तीन दिवसांनी लिहिलेली. एकही ग्रीक अक्षर नाही. समजा एक माणूस पुलाखाली अर्धा तास उभा आहे, इथून सुरुवात. त्याची नजर चांगली आहे, तो मन लावून मोजतोय, तरी काही पाखरं त्या अर्ध्या तासात येतच नाहीत, काही खांबाआड बसतात. तोच माणूस पुन्हा पुन्हा येऊन मोजत राहिला, की दर वेळी किती सुटतात याचा अंदाज बांधता येतो. बस, एवढंच आहे ते. प्रबंधात अशी बालवाडीची पानं कुणी घालत नाही. परीक्षकांना त्यांची गरज नव्हती. ती चार पानं एका माणसाला समजावीत म्हणून लिहिली होती, आणि तो मी होतो.

मग माझा तक्ता. त्याखाली एक ओळ : 'मूळ मोजणी अत्यंत चोख आहे. सुटलेली घरटी कोणाच्याही नजरेतून सुटली असती.' मी ही ओळ हिला वाचून दाखवली. हिने पदर डोळ्याला लावला आणि आत निघून गेली.

मला भीती वाटत होती. हे मी चार महिन्यांत एकदाही लिहिलेलं नाही. माझं काम खोटं ठरेल याची भीती, आणि नव्या पोरांसमोर 'मला येत नाही' म्हणायची लाज. त्यापायी तिची सहा वर्षं गेली. माझं काय गेलं असतं?

साडेबाराला फोन लावला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. मी सांगितलं की प्रकरण वाचून झालं.

ती म्हणाली, "समजलं का, सर?"

मी हो म्हणालो.

"बरं झालं," म्हणाली.

आणखी काही तिने विचारलं नाही. तब्येतीची काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. प्रकरण चांगलं झालंय, हे मी सांगितलंच नाही.